शिरेवाटे बायकार्बोनेट : सांगलीतील एका रुग्णालयात जवळून पाहिलेला उपचार

आपल्याकडे शिरेतून थेंबथेंब जे काही दिले जाते, त्या सगळ्याला सरसकट 'सलाईन' म्हणतात. बाटलीत नेमके काय आहे हे सहसा कोणी विचारत नाही. बाटली लागली की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. गेल्या ऑक्टोबरमध्ये माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सगळे आण्णा म्हणतो, रक्तातील आम्ल धोकादायक पातळीपर्यंत वाढल्यामुळे सांगली-मिरज रस्त्यावरील एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात तीन दिवस होते. तेथे त्यांना सोडिअम बायकार्बोनेट, म्हणजे आम्ल शमवणारा सोडा, शिरेवाटे देण्यात आले. त्या औषधाविषयी आणि ते ज्या रीतीने देण्यात आले त्या सेवेविषयी हा अभिप्राय आहे. मी डॉक्टर नाही. ३२ वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो. औषध कोणाला किती द्यावे हे सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु मोजमाप काळजीने होत आहे की नाही, हे मला ओळखता येते, आणि या उपचारात मोजमाप बाजूला काढले तर उरते ती केवळ सोड्याची बाटली, असे माझे मत झाले आहे.

आण्णांची द्राक्षबाग तासगाव तालुक्यात आहे. ऑक्टोबर छाटणी चालू होती, मजूर मिळाले होते, आणि अशा दिवसांत बागायतदार स्वतःच्या पोटाकडे लक्ष देत नाही. जुलाब सुरू होऊन तीन दिवस झाले तरी ते बागेत जात राहिले. वय ६८, मधुमेह जुना, आणि किडनीही त्यामुळे आधीच निकामी होत आलेली, किडनीच्या कामाचा अंदाज देणारे रक्तातील क्रिएटिनिन २.४ च्या आसपास असायचे. त्यातच मधुमेहाची मेटफॉर्मिनची गोळी ते जुन्या चिठ्ठीवर दुकानातून आणून घेत होते. किडनीचे काम इतके कमी झाल्यावर ही गोळी सहसा बंद केली जाते, आणि उलट्या-जुलाबात तर ती थांबवावीच लागते, हे आमच्या घरात कोणालाही ठाऊक नव्हते. चौथ्या दिवशी सकाळी त्यांना जोराचा दम लागला.

वहिनींनी त्यांना गावाजवळच्या एका दवाखान्यात नेले. तेथे दम पाहून दम्याचे निदान झाले, वाफेचे औषध देण्यात आले, आणि जुलाबांमुळे शरीरातील पाणी कमी झाले म्हणून साध्या मिठाच्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या दुपारपर्यंत चढवल्या गेल्या. दम कमी झाला नाही. मी दुपारी पोहोचलो तेव्हा जे पाहिले ते अजून डोळ्यांसमोर आहे. आण्णा सपाट झोपले होते, छातीत घरघर नव्हती, शिट्टीसारखा आवाज नव्हता, बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन ९७ टक्के दाखवत होता, आणि तरीही लोहाराच्या भात्यासारखा खोल, एकसारखा, न थांबणारा श्वास चालला होता. दम्याचा रोगी असा सपाट झोपू शकत नाही. तेथील डॉक्टरांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, पण श्वास कसा चालला आहे हे उभे राहून दोन मिनिटे पाहिले असते तर आमचे पाच तास वाचले असते, एवढे मात्र मी लिहिलेच पाहिजे.

या श्वासाला वैद्यकात जर्मन वैद्य आडोल्फ कुसमाउल यांचे नाव आहे. त्यांनी १८७४ मध्ये मधुमेहाच्या अत्यवस्थ रोग्यांमध्ये त्याचे वर्णन केले. फुप्फुसे निरोगी असूनही माणूस असा श्वास घेतो, कारण रक्तात आम्ल वाढले की शरीर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून ते आम्ल कमी करू पाहते. म्हणजे जो दम आपण आजार समजतो तो खरे पाहता शरीराने स्वतःच सुरू केलेला उपचार असतो. तो दाबायचा नसतो. तो का लागला हे शोधायचे असते.

साध्या मिठाच्या सलाईनविषयीही येथेच सांगितले पाहिजे. तिच्या एका लिटरमध्ये सोडिअम १५४ आणि क्लोराइडही १५४ मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजण्याचे एकक) असते, तर आपल्या रक्तात क्लोराइड साधारण १०० असते. पाणी कमी झालेल्या माणसाला ही बाटली देणे चूक नाही, अनेकदा तीच प्राण वाचवते; परंतु ज्याच्या रक्तातील बायकार्बोनेट आधीच जुलाबांवाटे वाहून गेले आहे त्याला मोठ्या प्रमाणात केवळ तीच देत राहिले, तर क्लोराइड वाढत जाते आणि आम्लता हटत नाही, उलट थोडी वाढते. बाटलीत काय आहे हे विचारण्याची सवय आपण लावून घ्यायला हवी, ती यासाठी.

१०८ ची रुग्णवाहिका कवलापूर, माधवनगर करत संध्याकाळी सांगलीत पोहोचली. येथपासून पुढे मी ज्या सेवेचा अभिप्राय देत आहे ती सुरू होते. तातडीच्या विभागातील तरुण डॉक्टरांनी आण्णांच्या श्वासाकडे पाहिले, मनगटाजवळच्या धमनीतून रक्त घेतले आणि ते तिथल्याच यंत्रात घातले. शिरेतून नव्हे, धमनीतून. हे रक्त काढताना दुखते, आणि आण्णा कळवळले. या तपासणीला सगळे ए.बी.जी. म्हणतात. काही मिनिटांत कागदाची पट्टी बाहेर आली : सामू ७.१२, कार्बन डायऑक्साइडचा दाब १९, बायकार्बोनेट ६.

सामू म्हणजे इंग्रजीतला पीएच, आपल्या शालेय पुस्तकातले आम्लतेचे माप; तो जितका कमी तितके आम्ल अधिक. निरोगी माणसाच्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ असतो, बायकार्बोनेट २२ ते २६, आणि कार्बन डायऑक्साइडचा दाब ३५ ते ४५. माझ्या पुतण्याला ७.४० आणि ७.१२ यांत फारसा फरक वाटला नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. सामूची मोजपट्टी सरळ नसते, ती घातांकाची असते, सामू ०.३ ने उतरला की आम्लाचे कण दुप्पट होतात. ७.१२ म्हणजे आण्णांच्या रक्तातील आम्ल नेहमीच्या जवळपास दुप्पट झाले होते. इतक्या आम्लात हृदयाचे आकुंचन क्षीण होते, रक्तवाहिन्या सैल पडतात, आणि रक्तदाब वाढवणारी औषधेही म्हणावी तशी लागू पडत नाहीत.

एवढे आकडे पाहिल्यावर डॉक्टर लगेच बायकार्बोनेट लावतील, असे मला वाटले होते. तसे झाले नाही, आणि या रुग्णालयाविषयी माझे मत चांगले होण्याचे पहिले कारण हेच. आधी आम्ल कोठून आले याचा शोध झाला. इन्सुलिन कमी पडले की साठणारी आम्ले, म्हणजे कीटोन, तपासले, ते नगण्य होते. लॅक्टेट, म्हणजे पेशींत तयार होणाऱ्या लॅक्टिक आम्लाचा अंश, वाढलेले होते, पण फार नाही. क्रिएटिनिन ४.८ वर गेले होते. सोडिअम १३६, क्लोराइड ११२. डॉक्टरांनी माझ्यासमोर कागदावर वजाबाकी केली : १३६ मधून ११२ आणि ६ काढले की १८ उरतात, हा फरक साधारणपणे ८ ते १२ असतो, आणि शरीरात आम्ले साठली की तो वाढतो. याचा अर्थ असा की आम्लाचा काही भाग किडनी आणि लॅक्टेट यांच्यामुळे साठलेला होता, आणि बराचसा भाग जुलाबांवाटे बायकार्बोनेट गमावल्यामुळे झालेला होता. जे शरीराबाहेर गेले आहे ते भरून देण्यात अर्थ आहे, आणि किडनी थकलेली असताना ते स्वतःहून लवकर भरून येणार नाही, म्हणून बायकार्बोनेट द्यायचे ठरले. मेटफॉर्मिन त्याच क्षणी बंद झाली, इन्सुलिन पंपावर सुरू झाले, आणि डायलिसिसचे यंत्र तयार ठेवण्यास सांगण्यात आले.

हा निर्णय किती तारतम्याने घ्यावा लागतो, हे शेजारच्या खाटेमुळे मला कळले. तेथे मधुमेहाची एक तरुण मुलगी होती, इन्सुलिन चुकल्यामुळे तिच्या रक्तात कीटोन साठले होते आणि तिचाही सामू जवळपास तितकाच खाली होता. तिच्या वडिलांनी विचारले, "त्यांना ती बाटली लावली, मग आमच्या पोरीला का नाही?" डॉक्टरांनी त्यांना बसवून सांगितले की तिच्या आजारात इन्सुलिन आणि पाणी मिळाले की शरीर त्याच कीटोनपासून स्वतः बायकार्बोनेट तयार करते, म्हणून सामू ७.० च्याही खाली गेल्याशिवाय सहसा ते देत नाहीत, आणि उगाच दिले तर रक्तातील पोटॅशिअम घसरण्याचा धोका वाढतो. ती मुलगी आण्णांच्या आधी वॉर्डात गेली. एकाच खोलीत एकाच लक्षणाच्या दोन रोग्यांपैकी एकाला औषध दिले गेले आणि दुसऱ्याला विचारपूर्वक दिले गेले नाही, हे मला त्या विभागाच्या गुणवत्तेचे सर्वांत मोठे प्रमाण वाटते.

आता औषधाविषयी. भारतात हे इंजेक्शन बहुधा ७.५ टक्के तीव्रतेचे, १० किंवा २५ मिलिलीटरच्या काचेच्या अँप्यूलमध्ये मिळते, आणि अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत त्याचा समावेश आहे. २५ मिलिलीटरच्या एका अँप्यूलमध्ये सुमारे २२ मिलिइक्विव्हॅलंट बायकार्बोनेट असते. परदेशी पुस्तकांतील हिशेब ८.४ टक्क्यांच्या द्रावणाचा असतो, ज्यात दर मिलिलीटरला बरोबर १ मिलिइक्विव्हॅलंट येते. दोन्हींची गल्लत झाली तर मात्रा चुकते. हे द्रावण तसेच दिले तर त्यातील सोडिअम रक्तातील सोडिअमच्या सहा पटींहून अधिक तीव्र असते, आणि शिरेबाहेर झिरपले तर त्वचा व मांस जळते. म्हणून परिचारिकेने ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या, म्हणजे ग्लुकोजच्या, अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या घेतल्या, प्रत्येकीतून ७५ मिलिलीटर काढून टाकले आणि तीन-तीन अँप्यूल घातली. अशा मिश्रणात सोडिअमचे प्रमाण रक्ताच्या जवळ येते. बाटलीवर औषधाचे नाव, मात्रा, वेळ आणि सही असलेली चिठ्ठी चिकटवली गेली, दुसऱ्या परिचारिकेने अँप्यूल मोजून पाहिली, आणि दोन्ही बाटल्या मिळून सहा तासांत जातील असा वेग पंपावर लावला गेला. साखर दर तासाला बोटातून पाहत होते, कारण मधुमेहाच्या माणसाला डेक्स्ट्रोज चालले होते.

मीही खिशातल्या कागदावर हिशेब केला होता. वजन ५८ किलो, बायकार्बोनेटची तूट २४ वजा ६ म्हणजे १८, आणि शरीरात ते जेथे पसरते त्या भागासाठी निम्मा गुणक. गुणाकार ५२२ येतो. दोन बाटल्यांत मिळून होते सुमारे १३४. मी विचारले, एवढेच का? वरिष्ठ डॉक्टरांनी दिलेले उत्तर मला फार पटले. हे सूत्र अंदाजाचे आहे. तो गुणक प्रत्येक रोग्यात आणि आम्लतेच्या प्रत्येक पातळीवर बदलतो. लॅक्टेट यकृतात गेले की त्याचे पुन्हा बायकार्बोनेटच होते, आणि किडनी सावरली की तीही भर घालते. आपण पूर्ण तूट बाहेरून भरली आणि शरीरानेही आपला वाटा घातला, तर रक्त आम्लाऐवजी आम्लारीच्या बाजूला झुकते, आणि ते निस्तरणे अधिक कठीण असते. सामू ७.२ च्या वर सुरक्षित आणायचा, मग थांबून पुन्हा मोजायचे.

आणखी एक गोष्ट अशी आहे, जी मी वर्गात शेकडो वेळा दाखवली होती आणि तरीही त्या रात्रीपर्यंत तिचा अर्थ मला पुरता उमगला नव्हता. सोड्यात लिंबू पिळले की फसफसते. तो कार्बन डायऑक्साइड असतो. रक्तातही तेच होते. बायकार्बोनेट आम्लाला शमवते, पण त्यातून जो कार्बन डायऑक्साइड निघतो तो फुप्फुसांनी बाहेर टाकायचा असतो. म्हणजे आधीच भात्यासारखा श्वास घेणाऱ्या माणसावर आपण आणखी काम टाकतो. तो थकला आणि श्वास मंदावला, तर तो वायू रक्तात साठतो, पेशींमध्ये शिरतो आणि आम्लता उलट वाढते. त्यामुळे ज्या ठिकाणी श्वासाकडे सतत लक्ष नाही आणि वेळ पडल्यास कृत्रिम श्वास देण्याची सोय नाही, तेथे हे औषध देऊ नये, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. आण्णांच्या खाटेशी व्हेंटिलेटर आणून ठेवला होता. त्याची गरज पडली नाही, पण तो तेथे होता.

रात्री साडेदहाच्या सुमारास आण्णांच्या ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येऊ लागल्या. वहिनी घाबरल्या. परिचारिका मात्र याची वाट पाहत असल्यासारख्या आल्या. रक्तातील आम्ल कमी होऊ लागले की मुक्त कॅल्शिअम प्रथिनांना चिकटते आणि त्याची उणीव भासते. किडनीच्या रोग्यांत ते आधीच कमी असते. डॉक्टरांनी कॅल्शिअम ग्लुकोनेट लिहून दिले. येथे मी श्वास रोखून पाहत होतो, कारण कॅल्शिअम आणि बायकार्बोनेट एकत्र आले की काय होते हे रसायनशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असते : चुन्याची निवळी दुधाळ होते तसाच पांढरा साका, कॅल्शिअम कार्बोनेटचा. तो शिरेत व्हायला नको. परिचारिकेने बायकार्बोनेटच्या नळीला हातही लावला नाही. दुसऱ्या हाताला वेगळी सुई आधीच घालून ठेवलेली होती, तिच्यातून कॅल्शिअम सावकाश, हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून दिले. याच कारणाने रिंगर लॅक्टेटची बाटलीही बायकार्बोनेटच्या नळीत जोडत नाहीत, कारण तिच्यातही कॅल्शिअम असते. त्या परिचारिका मूळच्या कवठेमहांकाळकडच्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांच्या ज्ञानाला आणि शांतपणाला मी मनापासून नमस्कार करतो.

सहा तासांनी दुसरी पट्टी आली : सामू ७.२५, बायकार्बोनेट १२, कार्बन डायऑक्साइड २८. पोटॅशिअम मात्र ४.४ वरून ३.३ वर उतरले होते. आम्ल कमी झाले की पोटॅशिअम रक्तातून पेशींत शिरते. हेही अपेक्षित होते, आणि किडनीचा रोगी असल्यामुळे ते फार जपून भरून काढण्यात आले. सकाळी तिसरी पट्टी ७.३३, बायकार्बोनेट १७. बायकार्बोनेट पुन्हा दिले नाही. श्वास पहाटे चारच्या सुमारास निवळला, आण्णांनी डोळे उघडून पहिला प्रश्न विचारला, "मजुरांचा हिशोब दिला का?"

हे सगळे त्या सहा अँप्यूलनी केले, असे मी लिहिणार नाही. पाणी मिळाले, मेटफॉर्मिन थांबली, जुलाब आटोक्यात आले, किडनीने थोडी उचल घेतली. संशोधनही याबाबतीत सावध आहे. फ्रान्समधील २६ अतिदक्षता विभागांत ३८९ रोग्यांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ७.२० किंवा त्याहून कमी सामू असलेल्या सर्व रोग्यांचा एकत्रित विचार केला असता बायकार्बोनेटचा ठळक फायदा दिसला नाही. मात्र ज्यांच्या किडनीवर तीव्र आघात झाला होता त्यांच्यात अधिक जण वाचले आणि डायलिसिस कमी लागले. २०२५ मध्ये तेथीलच दुसरा अभ्यास फक्त अशा किडनीच्या रोग्यांवर झाला; त्यात मृत्यूंच्या प्रमाणात फरक पडला नाही, पण डायलिसिसची गरज पुन्हा कमी दिसली. आण्णांना डायलिसिस लागले नाही. ते कशामुळे टळले हे एका रोग्यावरून ठरत नाही, परंतु ज्यांच्यात या औषधाचा उपयोग संभवतो त्या गटात ते बसत होते, हे खरे.

औषध नवे नाही. १८३२ च्या पटकीच्या (कॉलऱ्याच्या) साथीत स्कॉटलंडमधील लीथ येथे थॉमस लाटा यांनी मरणोन्मुख रोग्यांच्या शिरेत मीठ आणि सोड्याचे पाणी सोडले. पटकीच्या रोग्यांच्या रक्तातून पाणी, क्षार आणि आम्लारी निघून जाते हे त्याआधी विल्यम ब्रूक ओशॉनेसी यांनी तपासून दाखवले होते. हेच ओशॉनेसी पुढे कोलकात्यात आले आणि हिंदुस्थानात तारयंत्र त्यांनीच उभे केले. मिरजेत १८९४ मध्ये मिशनचे रुग्णालय सुरू झाले आणि त्यामुळे हा सगळा परिसर औषधोपचारासाठी लांबलांबच्या लोकांना ओळखीचा आहे. पण रुग्णालयांच्या गर्दीत नेमके काय पाहायचे, हे अजूनही आपल्याला कोणी सांगत नाही. माझ्यापुरते मी आता तीन प्रश्न विचारतो : धमनीच्या रक्ताची तपासणी याच इमारतीत आणि रात्रीही होते का, बायकार्बोनेट दिल्यावर पुन्हा किती तासांनी मोजणार, आणि पोटॅशिअम-कॅल्शिअम सोबत पाहणार का.

तक्रारीही आहेत आणि त्या लपवण्याचे कारण नाही. रात्रीच्या दुसऱ्या तपासणीआधी पुतण्याला तळमजल्यावर पैसे भरून पावती आणायला पाठवले गेले. खिडकीवर माणूस नव्हता. त्यात वीस मिनिटे गेली, आणि रक्त पावती येईपर्यंत घेतले गेले नाही. ज्या उपचारात वेळेवर मोजणे हाच सुरक्षिततेचा आधार आहे, तेथे ही पद्धत अक्षम्य आहे. डॉक्टर आणि परिचारिका दोघेही त्यामुळे अस्वस्थ झालेले मी पाहिले. संमतिपत्र इंग्रजीत होते. वहिनी सातवी शिकलेल्या आहेत, मराठी वर्तमानपत्र रोज वाचतात, आणि त्यांनी जेथे सही केली त्या कागदातील एक ओळही त्यांना वाचता आली नाही. घरी जाताना दिलेले कार्डही इंग्रजीतच. सांगलीतील रुग्णालयाला मराठीत दोन पाने छापून घेणे जड जाऊ नये. तिसरी गोष्ट लहान वाटेल : त्या पट्ट्यांचा कागद उष्णतेने छापणारा असतो, आणि काही महिन्यांत त्यावरचे आकडे पुसट होतात. फाइलमध्ये त्या जशाच्या तशा टाचून देण्याऐवजी त्यांच्या झेरॉक्स द्याव्यात.

खर्चाविषयी लोक विचारतात म्हणून लिहितो. बायकार्बोनेटची सहा अँप्यूल ही संपूर्ण बिलातील सर्वांत लहान रकमांपैकी एक होती. खरा खर्च होता तो खाटेचा, पंपाचा, वारंवार केलेल्या तपासण्यांचा आणि रात्रभर जाग्या असलेल्या माणसांचा. तो मला योग्य वाटला. उपचाराला आणि परिचारिकांच्या कामाला मी पाचपैकी पाच देईन, रुग्णालयाच्या कार्यालयीन कारभाराला दोन.

घरी आल्यावर भेटायला येणाऱ्यांना आण्णांचा आजार समजावून सांगणे हेच एक काम झाले. "आम्ल वाढले म्हणजे पित्तच ना?" हा प्रश्न पहिला. पित्तात जळजळते ते पोटातील आम्ल. रक्तातील आम्लाचा त्याच्याशी संबंध नाही, आणि पित्ताच्या गोळीने ते उतरत नाही. दुसरा प्रश्न एका जवळच्या नातेवाइकांचा : "खायचा सोडा तोच असेल, तर पाण्यात घालून का देऊ नये?" रासायनिक दृष्ट्या पदार्थ तोच आहे, हे मी नाकारले नाही. पण अँप्यूलमधील द्रावण निर्जंतुक असते, त्याची मात्रा मोजलेली असते. आणि घरच्या चमच्याने सोडा घेत राहिले तर किडनीच्या रोग्याला त्यातील सोडिअमने सूज येते, रक्तदाब चढतो. आण्णांना आता तोंडाने घ्यायला सोडिअम बायकार्बोनेटच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिलेल्या आहेत. एका गोळीत सुमारे ६ मिलिइक्विव्हॅलंट असते. दिवसाला किती घ्यायच्या हे किडनीचे डॉक्टर रक्त तपासून ठरवतात, आणि एकदा त्यांनी त्या कमीही केल्या आहेत. मेटफॉर्मिनचे जुने पाकीट मी स्वतः फाडून टाकले, आणि पुन्हा जुलाब लागले तर कोणत्या गोळ्या थांबवून कोणाला फोन करायचा, हे वहिनींनी मराठीत लिहून देवघराशेजारी लावले आहे.

त्या तीन पट्ट्यांवरचे आकडे मी एका वहीत उतरवून ठेवले होते. त्यांच्याखाली परवाच्या तपासणीतील बायकार्बोनेटचा आकडा वहिनींनी लिहिला : २२.